आईचं प्रस्थान

देऊळघाटला सलीमभाईच्या आवारात, बोरीच्या झाडाखाली, ती जीप अजून उभी आहे. तिला बघितलं की माझे हात शिवशिवतात. चाकं कधीच गेली, आता ती विटांच्या थप्प्यांवर टेकली आहे. मागच्या फळ्यांवर कोंबड्या अंडी घालतात. काचा नाहीत, दिवे नाहीत. पण बॉनेटवरचे खड्डे आहेत. दर पावसाळ्यात त्यांत पाणी साचून गंज चढलाय, आणि बोट फिरवलं की तांबडी भुकटी हाताला लागते. हे खड्डे माझ्या वडिलांनी पाडले. घणाने. भरदुपारी, आम्हा सगळ्यांच्या देखत, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून.

यंदा थंडीत मी तिथे गेले ती मात्र माझ्या व्हॅनच्या कामाला. बुलढाण्यात मी लोकांना गाडी चालवायला शिकवते. अर्धं गाव माझ्या व्हॅनवर क्लच सोडायला शिकलंय, आणि जो चुकीच्या वेळी सोडतो त्याच्या हातावर माझी चापट बसते. लोक तक्रार करतात, पण शिकतात. गाडीचे ब्रेक, पाटे, रेडिएटर सगळं सलीमभाईकडून एकदा नीट बघून घ्यायचं होतं, कारण फेब्रुवारीत आईला घेऊन मला नेपाळला जायचं होतं. विमानाची आपली ऐपत नाही. गाडीनेच, बरोबर नेलेलं खात, धर्मशाळांत उतरत, जसं फार पूर्वी एकदा ठरलं होतं तसंच. अण्णा, म्हणजे आमचे वडील, मागच्या वर्षी वारले. वर्षश्राद्ध उरकलं आणि दुसऱ्या सकाळी मी आईला म्हटलं, "चाल आता. राह्यलेलं नेपाळ करून टाकू." आई मेथी निवडत होती. ती निवडतच राहिली. मी ते हो धरलं.

सलीमभाईच्या आवाराचा वास तोच आहे. जळकं ऑइल, वेल्डिंगचा कडू धूर, पलीकडच्या गोठ्यातलं शेण, आणि आतल्या चुलीवर भाजणारी मिरची. त्या वासात शिरले की मी पुन्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असते. ओढणीला ग्रीस लागलेलं असतं. पत्र्यावर हातोडा पडत असतो, ठण ठण ठण, कानठळ्या बसतील असा, आणि मला त्याची भीती वाटत नसते. भीती घरातल्या आवाजांची वाटायची.

आमच्या घरात माणसं कमी बोलायची आणि हात जास्त चालायचे. अण्णा एका सरकारी कचेरीत लिपिक होते. मोत्यासारखं अक्षर, साहेबापुढे मान वर न करणारा माणूस. दिवसभर कचेरीत जे गिळायचे ते संध्याकाळी घरी आणून ओकायचे. अंगणात सायकल भिंतीला लावल्याचा आवाज आला की आम्ही तिघं, आई, दादा आणि मी, जागच्या जागी थांबायचो. हलकेच टेकवली तर जेवण होणार. आपटली तर ताट उडणार. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर वरणाचे पिवळे ओघळ होते. दर दिवाळीला आई त्यांच्यावर चुना मारायची, आणि पौष येईतो नवे पडलेले असायचे.

प्रत्येक ऋतूतला मार वेगळा होता. उन्हाळ्यात उघड्या तळहाताचा, घामाने ओला, पाचही बोटं उमटवणारा. पावसाळ्यात पट्ट्याचा, आणि दमट पट्ट्याला कातड्याचा कुबट वास यायचा. बुलढाणा डोंगरावरचं गाव, तिथली थंडी हाडात शिरते, त्यामुळे हिवाळ्यात साधा धपाटासुद्धा दोन दिवस ठणकायचा. होळीला पोरं गल्लीत बोंबा मारत फिरायची तेव्हा घरातलं रडणं बाहेर ऐकू जायचं नाही, म्हणून मला होळी आवडायची. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. तो मध्ये पडायचा. त्याचा पुढचा दात असाच मध्ये पडताना गेला. शेजाऱ्यांना आम्ही सांगितलं, क्रिकेटचा बॉल लागला.

दादा दुसऱ्याच्या काळी-पिवळीवर ड्रायव्हर होता. सलीमभाई त्याचा शाळेपासूनचा दोस्त. दोघांनी मिळून एका सरकारी लिलावात ती जीप उचलली. उचलली म्हणजे अक्षरशः, कारण ती चालत नव्हती. बैलगाडीला दोर बांधून ती देऊळघाटला आणली तेव्हा रस्त्यावरची माणसं हसत होती आणि दादा स्टिअरिंगवर राजासारखा बसला होता. सलीमभाईच्या वडिलांच्या गॅरेजात महिनेच्या महिने ती उघडी पडून होती. आधी इंजिन उतरलं, मग तळाचा सडलेला पत्रा कापला, मग नवा जोडला. संध्याकाळी मी तिथे जाऊन बसायचे. कधी कधी आई यायची, सलीमभाईच्या आईकडे पापडाचा खार मागायचं निमित्त करून.

नेपाळचं खूळ सलीमभाईनं काढलं. कोणा ट्रकवाल्याकडून ऐकून आला आणि चाकाचे नट पिळता पिळता म्हणाला, "काकू, नेपाळले पासपोर्ट नाही लागत."

"मंग काय लागते?" आईने विचारलं.

"आपलं ओळखपत्र. अन् गाडी."

"गाडी तं आहे," आई म्हणाली.

आम्ही तिघांनी तिच्याकडे बघितलं. ती खाली बघत गव्हातले खडे वेचत होती. तिच्या तोंडून असं सरळ वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं होतं, ज्यात कोणाची परवानगी नव्हती.

मग हळूहळू बेत जमत गेला, आणि त्याचा खरा मतलबही आमच्यात उघड झाला. परत येताना आई बुलढाण्याला येणार नव्हती. दादाने नाशिकला एका ठिकाणी नोकरीचं बोलून ठेवलं होतं. नेपाळ बघायचं आणि गाडी तशीच नाशिकला न्यायची. मी म्हटलं, "मंग आताच नाशिकले काऊन नाही जात?" आई माझ्यावर भडकली. "पळून नाही जाणार मी. चोरी केली का मी? मी फिरायले जाईन. अन् फिरता फिरता वापस येणार नाही." त्यात काय फरक आहे हे तेव्हा मला कळलं नव्हतं. पण तिच्यासाठी तो फरक फार मोठा होता, आणि अण्णांच्या हातांखालून तिला सोडवायचं तर तिच्या अटीवरच सोडवावं लागणार होतं. हे आम्हा चौघांनाच माहीत होतं. अण्णांना कळलं तर काय होईल, तेही चौघांना माहीत होतं.

पैसा नव्हताच. त्यामुळे बेत पैशाशिवायचा केला. मागची सीट काढून तिथे सागाच्या फळ्या टाकल्या, म्हणजे दोघींना आडवं होता येईल. पोरं गाडीखाली झोपतील. हॉटेलात पाऊल टाकायचं नाही. वातींचा स्टोव्ह, एक कढई, एक तवा. मठ, धर्मशाळा, गुरुद्वारा, जिथे कोणी उतरू देईल तिथे मुक्काम. खाण्याची जबाबदारी आईने घेतली आणि त्या उन्हाळ्यात तिला जोर चढला. गच्चीवर जुनी लुगडी अंथरून ज्वारीचे धापोडे, म्हणजे मोठाले पापड, घातले, नेहमीच्या दुपटीने. आंबवलेल्या ज्वारीचा तो आंबूस वास, त्यात लसूण, तीळ, तिखट. शेवया, कुरडया, मुगाच्या वड्या, सातूचं पीठ, डबाभर भुरका, म्हणजे तेलातली तिखट चटणी. उन्हाळ्यात वाळवण कोणाच्या घरी होत नाही? अण्णा रोज त्या वाळवणाच्या कडेने कचेरीत जायचे. जाता जाता एक ओला धापोडा उचलून तोंडात टाकायचे. एकदा तो खारट लागला म्हणून त्यांनी अख्खं लुगडं टोकाला धरून गच्चीवरून खाली भिरकावलं. आई खाली गेली, मातीतले धापोडे वेचले, गाईला घातले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा पीठ शिजवायला बसली.

दादाने अकोल्याहून रस्त्यांचा नकाशा आणला होता. आईने गावं पाठ केली. खामगाव, अकोला, अमरावती, नागपूर, शिवनी, जबलपूर, रीवा, प्रयाग, काशी, गोरखपूर, सोनौली. सोनौलीला हद्द. पोळ्या लाटताना ती हे पुटपुटायची आणि अण्णांना वाटायचं, स्तोत्र चाललंय. "जरा मोठ्यानं म्हण," एकदा ते म्हणाले. आईने मोठ्यानं म्हटलं, पण व्यंकटेशस्तोत्र. मला हसू आवरेना म्हणून मी मोरीत पळाले.

जीप सुरू झाली त्या दिवशी आम्ही चौघं राजूर घाटात गेलो, चाचणी म्हणून. उतरताना आभाळ काळंनिळं झालं आणि घाटाच्या मध्यावर गारा सुरू झाल्या. बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. कापडी टप फाटलं. समोरची काच तडकली. रस्त्याच्या कडेला एका मेंढपाळाची मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालत होती, त्यातलं एक कोकरू आमच्या डोळ्यांदेखत कोसळलं आणि पुन्हा उठलं नाही. दादा ओरडत होता, सलीमभाई कुराणातलं काहीतरी म्हणत होता. आईने दोन्ही हात बाहेर काढले. गारा तिच्या तळहातांवर आदळत होत्या, बांगड्या फुटल्या, मनगटावर रक्त आलं. मी तिला आत ओढत होते आणि ती हसत होती. "राहू दे वं," ती म्हणाली. "याच्यात कोणाचा राग नाही." तिचं ते हसू मला आजही आवडत नाही. मला त्याने भीती वाटली होती.

आई साखरखेर्ड्याच्या भिक्षुकांच्या घरातली. पंचांग बघितल्याशिवाय ती घराबाहेर मोठं पाऊल टाकायची नाही. निघण्याचा मुहूर्त तिने काढला, आणि नेमका तेव्हाच रेडिएटर फुटला. नवा यायला आठवडा लागणार होता. मुहूर्त चुकवायचा नव्हता, म्हणून तिने जुनी रीत केली: प्रस्थान ठेवलं. म्हणजे ठरल्या वेळेला माणूस निघू शकत नसेल तर त्याच्याऐवजी त्याची एखादी वस्तू निघते. जायच्या दिशेला, शेजारच्या कोणाकडे, तांदूळ-सुपारी-हळकुंडाबरोबर ती वस्तू फडक्यात बांधून ठेवायची. प्रवास सुरू झाला असं धरायचं. आईने आपलं अंगातलं एक पोलकं ठेवलं, दादाचा रुमाल, माझी रिबीन. आमच्या घरापासून ईशान्येला गोदाकाकूंचं घर. त्या एकट्याच राहायच्या, सोवळ्याच्या, कडक, आईवर जीव असलेल्या. आईने त्यांना खरं सांगितलं, पण अर्धंच: नेपाळला पशुपतिनाथाला चाललोय. कोणाला बोलू नका असं सांगायचं तिला सुचलं नाही. देवाला जायचं कोणी लपवून ठेवतं का?

आणि चूक झाली ती माहीतगाराच्या हातून. प्रस्थानाला दिवसांची मुदत असते. त्या दिवसांत माणूस निघाला नाही तर ते उठवून घरी परत आणायचं आणि नवा मुहूर्त बघायचा, नाहीतर वाटेत विघ्न येतं. रेडिएटर यायला मुदतीहून जास्त दिवस लागले. आई देऊळघाटला जीपच्या गादीला खोळ शिवत बसली होती, तिच्या हे ध्यानात राहिलं नाही. गोदाकाकूंच्या राहिलं. शेवटचा दिवस उलटला तशी त्यांनी आंघोळ केली, गाठोडं पदराखाली घेतलं आणि काठी टेकत आमच्या दारी आल्या. त्या दिवशी अण्णांना सुट्टी होती. दार त्यांनी उघडलं.

पुढे किती वेळा तरी रडत रडत गोदाकाकूंनी मला ते सांगितलं. "मी म्हटलं, भाऊ, मंडळींचं प्रस्थान वापस आणलं. दिवस उलटले. नवा मुहूर्त पाहा अन् मंगच परदेशात जा. अन् इचारलं, देऊळघाटले जीप झाली का दुरुस्त? मी तं तुमचं भलं पाह्यलं वं." अण्णांनी शांतपणे गाठोडं घेतलं, काकूंना नमस्कार केला, शर्ट घातला आणि सायकल काढली.

आम्ही त्यांना फाटकातून येताना बघितलं. आई खोळीचा शेवटचा टाका घालत होती. वाळवणाचे डबे नुकतेच जीपमध्ये रचून झाले होते. अण्णांच्या हातात ते फडकं होतं. त्यांनी ते आईच्या अंगावर फेकलं. तांदूळ सगळीकडे उडाले.

"कुठी चालली होती?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी कचेरीतला.

भिंतीला टेकवून ठेवलेला घण त्यांनी उचलला. मला वाटलं, आईला मारतात. दादालाही तेच वाटलं, तो आईच्या पुढे गेला. पण अण्णा जीपकडे वळले. पहिल्या घावात दिवा गेला. दुसऱ्यात दुसरा. मग काच. मग बॉनेटवर, दोन्ही हातांनी, डोक्यावरून घेऊन, दात खाऊन. इतकी ताकद त्या कृश अंगात कुठून आली होती देव जाणे. पत्रा किंचाळत होता. कोंबड्या, कुत्री, पोरं, सगळं गाव ओरडत होतं. दादाने मागून मिठी मारली तर त्याच्या बरगडीत कोपर बसलं आणि तो खाली बसला. सलीमभाई पुढे झाला. त्याने आपला हात बॉनेटवर ठेवला, जसा आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि म्हणाला, "काका, बस करा. मशीनचा काय गुन्हा?"

घण वर गेलेला होता. तो खाली आला. या वेळचा आवाज पत्र्याचा नव्हता.

सलीमभाईच्या डाव्या हाताची दोन बोटं तिथेच गेली. तो ओरडला नाही, नुसता हाताकडे बघत राहिला. रक्त बॉनेटवरून ओघळून दिव्याच्या खाचेत जमत होतं. अण्णांनी घण पुन्हा उचलला. आणि मी जॅकची दांडी उचलली. विचार वगैरे काही केला नाही. दोन्ही हातांनी धरून त्यांच्या उजव्या गुडघ्यावर घातली, आणि ते पडले तरी आणखी एकदा घातली. ते धापोड्यांच्या डब्यावर पडले. डबा चेपला, धापोड्यांचा चुरा झाला, आणि त्या सगळ्या किंकाळ्यांत कोंबड्या येऊन तो चुरा टिपायला लागल्या.

मला पश्चात्ताप नाही. तेव्हाही नव्हता. अंगातून वीज जावी तसं काहीतरी गेलं आणि पहिल्यांदा मला वाटलं, मी कोणीतरी आहे.

दवाखान्यात सलीमभाईनं सांगितलं की जॅक सटकला आणि गाडी दोघांच्या अंगावर आली. पोलिसांनाही तेच; घण अण्णांच्याच हातात होता, त्यामुळे त्यांनीही ते खोडलं नाही. हाताला गुंडाळलेल्या कापडातून रक्त ठिबकत होतं आणि तो खोटं बोलत होता, माझ्यासाठी. दादा त्याच आठवड्यात नाशिकला गेला. आईला म्हणाला, चल. मीही म्हटलं, चाल, आता हा उठून मारू शकत नाही, आता कोण अडवते? आई अण्णांच्या प्लास्टरवर पांघरूण सारखं करत होती. "उभ्या माणसाले सोडून जाता येते," ती म्हणाली. "पडलेल्याले कसं सोडू?" दादा गेला तो गेलाच. अण्णांच्या अंत्यविधीला आला, एका बाजूला उभा राहिला, आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला.

अण्णा पुढे कायम लंगडले. लवकर निवृत्ती घेऊन खाटेवर बसले. त्यांचे हात थांबले, तोंड थांबलं नाही, आणि त्या तोंडाला पुरून उरायला मी होते. माझं लग्न झालं आणि मोडलं. नवऱ्याने आईवरून शिवी दिली, मी गरम चहाचा कप त्याच्यावर फेकला, विषय संपला. मी माहेरी आले. अण्णा आईवर ओरडले की मी त्यांच्यापुढचं ताट उचलून भिंतीवर फोडायचे. ते मला घाबरायचे. मला ते आवडायचं. वर्षानुवर्षं मी त्या घरात आईची राखण केली, निदान मी तरी ते तसंच समजत होते.

तर यंदाच्या थंडीतला तो दिवस. सलीमभाई माझ्या व्हॅनखाली शिरला होता. आई आणि नजमाभाभी, म्हणजे सलीमभाईची बायको, खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी त्या जुन्या जीपच्या बॉनेटवर मोबाईल ठेवून सगळा प्रवास वाचून दाखवत होते. कुठे किती थांबायचं, कुठल्या धर्मशाळेला फोन केला, हद्दीवर गाडीची भन्सार, म्हणजे नेपाळात गाडी न्यायची पावती, रोजच्या हिशेबाने भरावी लागते, म्हणून तिकडे एक दिवसही वाया घालवायचा नाही. सगळं घट्ट बसवलं होतं.

आई म्हणाली, "काशीत एक दिवस जास्त थांबू वं."

"नाही जमणार."

"गंगेवर नुसतं बसू. तिथं तं पावती लागत नाही."

"आई, पुढचं सगळं सरकते."

"सरकू दे नं एक दिवस."

"नाही म्हटलं नं एकदा!" मी ओरडले आणि बॉनेटवर मूठ आपटली. पत्रा ठणाणला. कोंबड्या उडाल्या. सलीमभाई गाडीखालून अर्धा बाहेर आला.

आईने मान खाली घातली होती आणि डावा हात कानावर धरला होता. अण्णा उठले की ती असं करायची. आता अण्णा नव्हते. आवारात माझ्याशिवाय कोणी उभंच नव्हतं.

थोड्या वेळाने तिने हात खाली घेतला. टोपलीतली शेंग उचलून सोलली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सलीम, तू अन् नजमा येता का नेपाळले? मी तुमच्यासंगं जाईन."

"अन् मी?" मी विचारलं.

"तू नको येऊ."

"काऊन?" माझा आवाज फाटला. "ज्यानं तुले जिंदगीभर मारलं त्याचा गुडघा मी फोडला. दादानं नाही, मी! इथंच!"

"हाव," आई म्हणाली. "तवापासून मले तुहंच भेव वाटते."

नजमाभाभी उठून आत गेली. आई सावकाश बोलत राहिली, शेंगा सोलत, जसं काही दुसऱ्याच कोणाबद्दल. "तू त्याच्यावर ताटं फेकत होती. मले वाचवाले फेकत होती, मले समजते. पण आवाज तोच होता, माय. अन् उचलत मीच होती."

मी व्हॅन काढली आणि राजूर घाटात गेले. कठड्याशी गाडी उभी करून स्टिअरिंगवर हात आपटत राहिले, तळवे सुजेपर्यंत. कठड्यावरचं एक माकड माझ्याकडे बघत होतं; त्याला मी तोंडात येतील त्या शिव्या दिल्या. मला आईचा राग आला होता, भयंकर राग. तिच्यासाठी मी काय नाही केलं? आणि राग आला की माझा हात वर जातो, हे त्या दिवशी मी पहिल्यांदा बघितलं. काही सुचेना तेव्हा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. ऊन कलेपर्यंत तशीच बसले होते.

दुसऱ्या दिवशी जाऊन सलीमभाईला व्हॅनची चावी दिली. तो घ्यायला तयार नव्हता. "तुम्ही समजवा काकूले, ताई. मानतीन त्या," तो म्हणाला. मी म्हटलं, "दुसरा गिअर अडते. हळू टाकजा."

निघताना आई पुढच्या सीटवर बसली. नवी चप्पल, कानटोपी, गुडघ्यावर शाल. तिने खिडकीतून मला सांगितलं की दूधवाल्याला अर्धा लिटरच घे, आणि मांजराला शिळं देऊ नको. मी हो म्हटलं. गाडी खामगाव रोडला लागेपर्यंत मी रस्त्यावर उभी होते, आणि खरं सांगायचं तर तेव्हाही मी आतून धुमसतच होते.

रोज नजमाभाभी फोन करायची. जबलपूरला पाऊस लागला. काशीत दोन दिवस थांबले. सोनौलीची हद्द ओलांडली. आई फोनवर यायची नाही, आणि मी मागायचेही नाही. मग एका दुपारी पोखऱ्याहून फोन आला. नजमाभाभी अगदी दबक्या आवाजात बोलत होती.

"ताई, आम्ही तलावाच्या काठी गाडी लावली. समोर बर्फाचा डोंगर आहे, सगळा उघडा, एक ढग नाही. अन् काकू झोपल्या. हद्द ओलांडल्यापासून झोपूनच राह्यल्या, जेवाले उठतात अन् पुन्हा झोपतात. हे म्हणतात उठव, डोंगर झाकला जाईन. माही हिंमत नाही होत. तुम्ही सांगा, उठवू का?"

"नको," मी म्हटलं. "झोपू दे तिले."

तिने फोन बंद केला नाही, विसरली असावी. मीही कानाला तसाच धरून राहिले. पलीकडे वारा होता, कोणीतरी नेपाळीत काही विकत होतं, आणि अगदी जवळून एक संथ, जाड, घरघरता आवाज येत होता. तो कसला आहे हे मला आधी कळेना. आई घोरते, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.